पाठकोऱ्या कागदावरची दहावी

शाळेच्या, कॉलेजच्या, शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर 'आईचे शिक्षण' असा एक रकाना असतो. त्यात तुम्ही आजवर काय लिहीत आलात?

मी बारावीपर्यंत 'सातवी' लिहायचे. बी.ए.ला प्रवेश घ्यायला अंबाजोगाईला गेलो तेव्हा खिडकीशी माझ्या पुढे एक मुलगी उभी होती. तिच्या फॉर्मवर त्याच रकान्यात 'एम.ए., बी.एड.' असं सुबक अक्षरात लिहिलेलं होतं. मी माझा रकाना कोरा ठेवला. कारकुनानं काही विचारलं नाही. आई माझ्या शेजारीच कागदपत्रांची पिशवी घेऊन उभी होती. फॉर्मची झेरॉक्स पिशवीत ठेवण्याआधी तिनं ती वरपासून खालपर्यंत वाचली आणि घडी घातली. परतीच्या बसमध्ये गाव जवळ आल्यावर म्हणाली,

"एक खाना रिकामा ऱ्हायला गं तुझा."

"चालतं ते," मी म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले.

त्याच वर्षी कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेत स्त्रीशिक्षणावर बोलून मी बक्षीस घेतलं. मुठी आवळून बोलले होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही माझी बाजू घेणार नाही.

माझं बोलणं असं धारदार होण्याचं कारण आमचं दुकान. आमचं किराणा दुकान गावातल्या मुख्य रस्त्यावर, घराच्याच पुढच्या खोलीत. वडील, म्हणजे आप्पा, सकाळी पूजा आटोपून कपाळाला भस्म लावून गल्ल्यावर बसायचे. पण त्यांचा खरा जीव पत्रकांत. हुंड्याविरुद्ध, बुवाबाजीविरुद्ध, परीक्षेतल्या कॉपीविरुद्ध, मुलींच्या शिक्षणासाठी ते पत्रकं लिहायचे, अंबाजोगाईला छापून आणायचे आणि बाजाराच्या दिवशी वाटायचे. उरलेले गठ्ठे साखरेच्या पोत्यामागे पडून असायचे. मी वाचायला शिकले ते त्या गठ्ठ्यांवर. पहिलं वाक्य वाचलं ते 'जागे व्हा!' पूर्णविरामाआधी मला उद्गारचिन्ह माहीत झालं.

ती पत्रकं एकाच बाजूनं छापलेली असत. मागची बाजू कोरी. अशा कागदाला आमच्याकडं पाठकोरा म्हणतात. आई हे पाठकोरे कागद कापून ठेवायची. संपलेल्या मालाची यादी, पाहुण्यांचा निरोप, कपिलधारच्या यात्रेला जाताना बरोबर घ्यायच्या वस्तू, सगळं त्यावर. छापलेली बाजू आप्पांची आणि माझी, कोरी बाजू आईची, अशी आमच्या घरातली वाटणी होती, आणि ती कुणालाच खटकली नव्हती.

मी दुसऱ्या वर्षाला गेले त्या पावसाळ्यात आई जेवताना म्हणाली, "मला सतरा नंबरचा फॉर्म भरायचाय."

शाळा सुटलेल्या माणसाला बाहेरून थेट दहावीला बसता येतं, त्याचा हा फॉर्म. आप्पा इतके खूश झाले की त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. "शाब्बास! यावर एक पत्रक काढतो."

"आधी पास हू द्या," आई म्हणाली. "मग काढा."

का बसायचंय, हे तिनं सांगितलं नाही. मला माहीत होतं.

फॉर्म भरला, पुस्तकं आणली आणि मी कॉलेजला निघून गेले. मधल्या तीन महिन्यांत आईनं अभ्यासाची जी तऱ्हा बसवली ती मी दिवाळीच्या सुट्टीत आले तेव्हा पहिल्यांदा पाहिली. दुकानात फळ्यांवर पत्र्याचे डबे ओळीनं असतात: जिरं, मोहरी, हळद, धने, खोबरं. प्रत्येक डब्याच्या झाकणावर तिनं पाठकोऱ्या कागदाचा एक तुकडा चिकटवला होता आणि त्यावर एक प्रश्न लिहिला होता. उत्तर झाकणाच्या आतल्या बाजूला. गिऱ्हाइकानं जिरं मागितलं की हात जिऱ्याच्या डब्यावर, प्रश्न डोळ्यांसमोर. उत्तर तोंडानं म्हटल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. उघडलं की बरोबर की चूक ते आत दिसायचं. कोण काय मागेल याचा नेम नसल्यामुळे कुठला प्रश्न कधी येईल याचाही नेम नव्हता. चुकलेल्या झाकणाला ती हळदीचं बोट लावून ठेवायची. तीन वेळा बरोबर आलं की तुकडा काढून नवा लावायचा, आणि जुना तुकडा बाजाराच्या दिवशी पुन्हा एकदा बघायचा, कारण त्या दिवशी गर्दीत डोकं ठिकाणावर नसतं. "गर्दीत आठवलं तरच आठवलं म्हनायचं," असं ती म्हणायची.

मी उंबऱ्यात बॅग ठेवत होते तेव्हा गल्लीतला एक जण जिरं घ्यायला आलेला होता.

"जरा थांबा भाऊजी," आई झाकणावर हात ठेवून म्हणाली. "अपवर्तन म्हंजे काय? उजेड एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात तिरपा गेला की त्याची दिशा बदलती."

"वैनी, म्या जिरं मागितलं. उजेड न्हाई मागितला."

"उजेड फुकट हाय. घिऊन जा."

समोरच्या घरातली काकू आमच्या ओट्यावर बसलेली होती. ती कधीच शाळेत गेलेली नाही. "आगं पण कावून?" तिनं विचारलं. "उजेड कावून वाकतोय?"

"तुझ्या हौदात काठी बुडव. वाकडी दिसती का न्हाई?"

"दिसती. पण कावून दिसती?"

आईला ते येईना. तिनं पुस्तक काढलं, दोनदा वाचलं, बंद केलं. "उद्या सांगते तुला."

"सांग बया. न्हाई सांगितलंस तर मला झोप लागायची न्हाई, माझ्या काठीला काय झालंय म्हनून."

दुसऱ्या दिवशी तिनं सांगितलं. हवेतून येताना उजेड जोरात पळतो, पाण्यात शिरला की हळू होतो. तिरपा आला तर त्याची एक बाजू आधी अडकते, म्हणून वळतो. चिखलात बैलगाडीचं एक चाक आधी गेलं की गाडी कशी त्या बाजूला वळते, तसं. हे बैलगाडीचं पुस्तकात नव्हतं.

आज मला कळतं की यात सगळं होतं. पुस्तक मिटून आठवणं होतं. काही दिवस जाऊ देऊन पुन्हा विचारणं होतं. विषयांची सरमिसळ होती, चुकलेल्याची खूण होती, आणि मुख्य म्हणजे समोर एक अशी बाई होती जी 'कावून' विचारल्याशिवाय सोडत नव्हती. सध्या मी एका अभ्यासिकेत मुलांना शिकवते तेव्हा त्यांना हेच करायला सांगते. त्या दिवशी मात्र मला दुकानात फक्त गोंधळ दिसला.

कारण माझ्या बॅगेत माझं स्वतःचं पत्रक होतं. आयुष्यातलं पहिलं, मी एकटीनं लिहिलेलं. 'अभ्यास असा करा!' त्यात अकरा नियम होते. घोकंपट्टी ही गुलामी आहे, असं सुरुवातीलाच ठणकावलं होतं. ठरलेली वेळ, ठरलेली जागा. एका वेळी एकच विषय. गप्पा बंद. लिहिताना प्रमाण भाषा. मी ते तीन शाळांत वाटून आले होते. चौथा नियम होता, 'शिकलेले दुसऱ्याला समजावून सांगा.' तो मी कुठून तरी उतरवून घेतला होता. तो आमच्या ओट्यावर रोज घडतोय हे माझ्या ध्यानातच आलं नाही, कारण ओट्यावर तो छापलेला नव्हता.

मी आईला पत्रक दिलं. तिनं ते सगळं वाचलं, अकरावा नियम संपेपर्यंत.

"लई चांगलं लिव्हलंस," ती म्हणाली. "मग माझं चुकलंच की गं."

"चुकलं असं नाही, पण पद्धत पाहिजे."

"छापलंय म्हंजे खरंच आसंल."

त्या संध्याकाळी मी झाकणांवरचे तुकडे काढले. काही निघेनात, ते ओल्या फडक्यानं घासले. आई डबे धरून उभी होती. मधल्या खोलीत तिच्यासाठी टेबल लावलं, भिंतीवर वेळापत्रक चिकटवलं: सोमवारी भूगोल, मंगळवारी विज्ञान. काकू आली तेव्हा दारातच म्हणाले, "काकू, आईचा अभ्यास चालूय. नंतर या."

"बरं माय," काकू म्हणाली. ती आमच्या घरी नंतरही येत राहिली, पण तेल, मीठ घ्यायला. आमच्या उंबऱ्यात 'कावून' तिनं पुन्हा विचारलं नाही.

मराठी हा माझा विषय, म्हणून आईची मराठीची वही तपासायचं काम मी माझ्याकडं घेतलं. वही म्हणजे पाठकोऱ्या कागदांचीच, दाभणानं भोकं पाडून शिवलेली. एका बाजूला आप्पांचं 'मुलगी शिकवा!' आणि मागं आईचं उत्तर. मी तिला निबंध दिला, 'मी पाहिलेले ठिकाण'. परीक्षेत हमखास येणारा. तिनं धर्मापुरीच्या जुन्या देवळाबद्दल लिहिलं. लहानपणी तिच्या वडिलांनी तिला तिथं नेलं होतं. देवळाच्या बाहेरच्या भिंतीवर दगडात कोरलेल्या बायका आहेत, त्यातली एक लिहिताना दाखवलेली आहे. आईचं एक वाक्य मला आठवतं: 'दगडाची बाई कवापासून लिहायलीय आन तिला मदी कोनी उठीवलं न्हाई.'

मी 'कवापासून' खोडून 'केव्हापासून' केलं. 'लिहायलीय' खोडलं. 'आन' खोडलं. 'कोनी'चा न बदलला. 'मदी', 'उठीवलं', 'न्हाई' दुरुस्त केलं. एका वाक्यात सात लाल खुणा. समासात लिहिलं, 'बोलीभाषा नको.' मला त्या खुणा आजही कागदावर कुठं कुठं होत्या ते सांगता येईल. तिचं पुढचं वाक्य काय होतं ते सांगता येत नाही.

तिनं निबंध पुन्हा लिहिला. मी पुन्हा खुणा केल्या. डिसेंबरात मी एका शनिवारी आले तेव्हा निबंध एका पानाचा झाला होता, जानेवारीत अर्ध्या पानाचा. "तूच सांग आधी," ती म्हणायला लागली, "मग मी लिव्हते." मला वाटलं, आई शिस्तीला लागली.

मार्चमध्ये परीक्षा झाली. केंद्र तालुक्याला होतं. आईच्या वर्गात तिच्याहून निम्म्या वयाच्या पोरी. पहिल्या दिवशी एका पोरीनं तिला पर्यवेक्षक समजून उठून नमस्कार केला, हे तिनं घरी येऊन हसत हसत सांगितलं. पेपर कसे गेले विचारलं की म्हणायची, "लिव्हलं जमंल तसं."

निकाल माझ्या मोबाइलवर पाहिला. दुकानातच, आप्पा गल्ल्यावर, आई डाळ पाखडत होती. गणितात चांगले मार्क. विज्ञानात तिच्या अपेक्षेपेक्षा जास्त. अपवर्तन आलं होतं म्हणे. इतिहास-भूगोलात पास. इंग्रजीत काठावर. मराठीत नापास, चार मार्कांनी.

"मराठीत?" आई म्हणाली. सूप तसंच हातात. मग ती हसली. "आगं, मराठी तर मी रोज बोलते."

आप्पांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. पत्रकाचा मसुदा त्यांनी आधीच लिहून गल्ल्यात ठेवला होता, हे मला नंतर कळलं.

मी तिला स्वयंपाकघरात गाठलं. "निबंध कोणता आला होता?"

"तूच सांगितलेला. पाहिलेलं ठिकान."

"मग? धर्मापुरी लिहिलीस ना?"

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "तीन ओळी लिव्हल्या. मग 'बाया' लिहू का 'बायका' लिहू कळंना. 'लिहित'ला पहिली का दुसरी कळंना. एकेका शब्दावर तुझी लाल शाई दिसाया लागली. मागच्या पोरीनं चिठ्ठी दिलती, सगळा निबंध लिव्हलेला. 'मावशी, घ्या की,' म्हनली."

"घेतलीस?"

"कावून घेऊ? तुझ्या आप्पांच्या पत्रकात काय लिव्हलंय?" ती माझ्याकडं न बघता म्हणाली. "तीन ओळी खोडल्या. चुकीचं लिहिण्यापरीस कोरं बरं, म्हनून कोरं ठिवलं."

चुकीचं लिहिण्यापेक्षा कोरं बरं. अंबाजोगाईच्या खिडकीशी मीही हेच ठरवलं होतं. तिच्या नावापुढं.

त्याच निकालात गावातली कितीतरी पोरं पास झाली. कोण कसं पास झालं ते सगळ्या गावाला माहीत होतं, आणि पेढेही सगळ्या गावानं खाल्ले. त्यावर मी एक जळजळीत पत्रक लिहायला घेतलं. 'एका प्रामाणिक बाईचा पराभव!' असं शीर्षकही दिलं. दोन परिच्छेद झाल्यावर दोषी कोण हे लिहायची वेळ आली आणि मी कागद फाडला.

पुरवणी परीक्षेचा फॉर्म भरायची मुदत मोजकेच दिवस होती. एकच विषय. मी रोज म्हणायचे, आई, एकच विषय. ती रोज म्हणायची, "बघू." शेवटच्या तारखेला मी फॉर्म उघडून तिच्यासमोर मोबाइल धरला. तिनं हात पदराला पुसले, मोबाइल घेतला, पालथा केला आणि फळीवर ठेवला. "गिऱ्हाईक आलंय," ती म्हणाली. खरोखरच आलेलं होतं.

ती मुदत गेली. त्यानंतरच्या आठवड्यात मी दुकानात बसले असताना आई मोहरीची पुडी बांधत होती. पुडीच्या कागदावर मला लाल शाई दिसली.

"आई, ही तुझी वही आहे!"

"व्हती." तिनं पुडीचं टोक आत खोचलं. "पाठकोरी व्हती तवा कामाची व्हती. आता दोन्हीकडनं भरली. पुडीलाच येती."

"धर्मापुरीचा निबंध?"

"कालच गेला. समोरच्या काकूनं धने नेले त्यात."

मी चप्पल न घालता रस्ता ओलांडला. काकू अंगणात बंबाला जाळ घालत होती.

"पुडीचा कागद? बंबात घातला की माय. कावून, कामाचा व्हता का?"

मी तिथंच पायरीवर बसले. काकूला काय समजलं कोण जाणे, तीही शेजारी बसली.

"ते देवळाचं व्हतं व्हय?" तिनं विचारलं. "लिहिणाऱ्या बाईचं?"

"तुम्हाला कसं माहीत?"

"तिनं मला सांगितलं व्हतं की. कागदावर लिहायच्या आदल्या दिवशी. आंगनात, चोरून, तू मधल्या खोलीत बसलीवतीस." आणि काकूनं मला तो निबंध सांगितला. सुरुवातीपासून. आजोबांच्या खांद्यावर बसून आईनं देऊळ कसं पाहिलं, ऊन भिंतीवर आलं की दगडाच्या बाया ओल्या कशा दिसतात, आई त्या लिहिणाऱ्या बाईच्या हातापर्यंत पोचायला कशी उड्या मारत होती, आणि आजोबा कसे म्हणाले, "तुलाबी शिकवीन." सातवी झाली तशी त्यांनीच तिची शाळा सोडवली. ते निबंधात होतं का, मी विचारलं. "व्हतं," काकू म्हणाली. "पन एकाच वळीत."

ती एक ओळ मी वाचली होती. नक्कीच वाचली होती, कारण मी सगळंच तपासलं होतं. त्यात काय दुरुस्त केलं ते आठवत नाही.

काकू उठली, बंबात आणखी एक काटकी सरकवली. "येवढं सगळं तोंडपाठ व्हतं तिला," ती म्हणाली. "मग कावून गं कोरं ठिवलं तिनं?"

जिला मी दारातून परत पाठवलं होतं, तिनंच विचारलेला हा प्रश्न. मी तिला काही सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही. हे पान लिहून झालं की तिला वाचून दाखवायचं ठरवलंय, आणि ती मधे जितक्या वेळा 'कावून' म्हणेल तितक्या वेळा थांबायचं.

आई आता अभ्यासाचं बोलत नाही. डब्यांवर काही चिकटवलेलं नाही. मागच्या महिन्यात जिऱ्याचा डबा उघडताना तिचा हात झाकणावर क्षणभर थांबलेला मी पाहिला. ओठही हलले असावेत. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं हात काढून घेतला असता.

तुम्ही विद्यार्थी असाल तर अभ्यासाचे नियम सांगणारं पत्रक मी पुन्हा काढणार नाही. एवढंच करा. आज जो धडा वाचाल तो पुस्तक मिटून घरातल्या अशा बाईला सांगा, जिची शाळा मधेच सुटली किंवा कधी सुरूच झाली नाही. ती 'का' विचारेल तिथं थांबा, आणि येत नसेल तर उद्या सांगतो म्हणा. मग तिला तिनं पाहिलेल्या एखाद्या ठिकाणाबद्दल विचारा. ती सांगेल ते तिच्याच शब्दांत, एकही अक्षर न सुधारता लिहून घ्या आणि तो कागद जपून ठेवा. आणि पुढचा फॉर्म भराल तेव्हा तो रकाना भरा. चौथी असेल तर चौथी लिहा, सातवी असेल तर सातवी. ती शेजारी उभी असेल तर तिला दिसेल असं, मोठ्या अक्षरात लिहा.